मंचरचा तीनचा खेळ

राखीचं पुस्तक सांगून होईपर्यंत ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. रविंद्र साहेब चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. लाइनमन बाजीराव खिडकीतून रस्ता बघत होता.

नारायणगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस डिसेंबरला जेवणाच्या सुट्टीत हा कार्यक्रम व्हायचा. वर्षभरात मनात राहिलेलं एक पुस्तक नाहीतर एक पिक्चर, प्रत्येकानं सांगायचं. सत्त्याण्णव साल संपत होतं.

"आता यशोधराताई," साहेब म्हणाले. बाजीराव खिडकी सोडून पुढं येऊन बसला.

यशोधराताई ऑपरेटर. पन्नाशीला आलेल्या, विधवा. मुलगा कपिल नाशिकला कंपनीत. त्याला रजा मिळत नाही, असं त्या सांगायच्या. वारूळवाडीच्या घरात एकट्या राहायच्या आणि दर रविवारी एस.टी.नं मंचरला जाऊन तीनचा खेळ बघायच्या. लोक बोलायचे. राखीला मात्र हेवा वाटायचा. तिचा नवरा कल्पेश कापडाच्या दुकानातून वर्षात एखाद्या वेळीच मोकळा व्हायचा.

ताईंनी यंदा एका बापाची गोष्ट सांगितली. रागाच्या भरात गाव सोडून गेलेला, म्हातारपणी परत आलेला बाप. त्याचं बोलणं त्यांनी शब्द न् शब्द म्हणून दाखवलं.

"काय कान आहेत ताई तुमचे," साहेब म्हणाले. "ऑपरेटरचे कान."

"ह्या बोलण्याला सगळं थिएटर रडत व्हतं," ताई म्हणाल्या. "पटकेवाला एक म्हातारा तर हुंदके देत व्हता. शेजारची पोरगी त्याला पाणी देत व्हती."

बाजीरावनं नाक ओढलं. राखीला ते सहन झालं नाही. नेमका हाच पिक्चर तिनं दिवाळीत कल्पेशबरोबर पाहिला होता.

"ताई, बाप दारात येतो तेव्हा मुलगी काय करत असते?"

"रडती की."

"रडायच्या आधी?"

"आता ते काय ध्यानात नाय."

"दाराला रांगोळी घालत असते. सगळा पिक्चर त्या रांगोळीवर आहे. बरं, बापाचा एक हात तुटलेला असतो. डावा की उजवा?"

ताईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नाही.

"यशोधराताई, खरंच पिक्चर बघता, की घरी कॅसेट ऐकून आम्हाला सांगता?"

बाजीराव हसला. मग साहेबही हसले. ताई पण हसल्या.

"तसंच समज, राखी," त्या म्हणाल्या आणि बोर्डावर जाऊन बसल्या. हेडफोन लावला, पण बोर्डावर कॉलचा एकही दिवा लागलेला नव्हता.

त्या दिवसापासून ताई कामापुरतंच बोलू लागल्या. राखी डबा घेऊन एकटीच जेवू लागली. आपण जिंकलो ते कशासाठी, हे तिचं तिलाच कळेना.

जानेवारीतल्या एका रविवारी कल्पेश माल आणायला पुण्याला गेला, तशी तिनं मंचरची एस.टी. धरली. ताईंच्या शेजारी बसायचं, इंटरव्हलला चहा पाजायचा, माफी मागायची, एवढंच तिनं ठरवलं होतं.

पोचेपर्यंत खेळ सुरू झाला होता. दारावरच्या चांगदेवनं बॅटरी मारत तिकीट फाडलं.

"वारूळवाडीच्या ताई आल्यात का?"

"आल्यात ना. अगदी म्होरं. त्यांची जागा ठरल्याली हाय."

राखी अंधारात चाचपडत पुढं गेली. पडद्यावर गाणं चाललं होतं. उजेडाची लाट आली तेव्हा तिला ताई दिसल्या आणि ती जागीच थांबली.

पडद्याखालच्या कट्ट्यावर ताई पडद्याकडं पाठ करून बसल्या होत्या. उजेड पडला की एकेका रांगेवरून नजर फिरवायच्या. अंधार झाला की थांबायच्या.

राखी शेजारी टेकली. ताईंनी तिला ओळखलं, पण नजर रांगांवरून काढली नाही.

"ताई, माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? मी यातला एकबी पिक्चर बघितला नाय."

"मग येता कशाला?"

पडद्यावर पुन्हा उजेड झाला. ताईंनी शेवटची रांग संपवली आणि मगच त्या बोलल्या.

"कपिल नाशिकला नाय गं. दर रविवारी ह्याच तीनच्या खेळाला पळायचा. त्याच्या ह्या नादापायी मीच त्याला घराबाहेर काढला, सात वर्सं झाली."