खरबूज भाजीच!

दहा वाजून गेले तरी पिंडाला कावळा शिवेना.

जयसिंगआबांच्या दहाव्याला वडगाव रासाईच्या घाटावर सगळं गाव ताटकळलं होतं. कुणी मोबाईल काढून वेळ बघत होतं, कुणी सावली शोधत होतं. सणसवाडीहून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आलेले पाहुणे नुसते चुळबुळत होते. समोरच्या बाभळीवर दोन कावळे होते, पण खाली उतरायचं नाव नाही.

म्हणजे आबांची काहीतरी इच्छा राहिली होती. मुलगा गोकुळ हात जोडून सगळं बोलून बसला. आईला सांभाळीन, बहिणीला शिकवीन, चुलत्याशी बांधावरून भांडणार नाही. कावळे ढिम्म.

आबांची बायको पुतळाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. मधेच ओठ उघडायची, पुन्हा मिटायची. बायकांना वाटलं, हुंदका आवरतेय बिचारी.

"आरं, हौसरावला म्होरं घ्या की!" मागून कुणीतरी ओरडलं.

हे कसं सुचलं नाही कुणाला! आबा आणि हौसराव दोघंही नदीकाठचे खरबूजवाले. तीस वर्षं रोज संध्याकाळी आबांच्या ओट्यावर एकच भांडण. आबा म्हणायचे, काकडीच्या जातीचा वेल, म्हणजे खरबूज भाजीच. हौसराव म्हणायचा, उपासाला चालतं ते फळ. माघार कुणीच घेतली नाही.

"काका, पाया पडतो," गोकुळ म्हणाला. "एकडाव म्हना, भाजी हाय."

हौसराव भडकला. "मेल्यावर बी मलाच खाली बघाय लावतो व्हय? न्हाई म्हननार!"

गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. ते बघून मात्र हौसराव नरमला. आपल्या हट्टापायी दोस्ताचा जीव अडकून राहायचा, हे त्याला सोसवेना. तो पिंडापुढे गेला.

"जयसिंगा, जिंकलास गड्या. खरबूज भाजीच हाय." एवढं बोलून तो लहान पोरासारखा रडला.

सगळ्यांनी बाभळीकडे बघितलं. कावळे जागचे हलले नाहीत.

तेव्हा पुतळाबाई उठली.

"भावजी, ह्यांनी तीन वर्सांमागंच मला सांगितलं व्हतं, खरबूज फळच हाय. पन शपथ घातली, हौसरावला कळू दिऊ नगंस, न्हाईतर उद्यापासनं भांडायला कोन यील?"