बधिर हात

येवल्याच्या कारखान्यात मालनचा उजवा हात पदरावर मोर विणत होता आणि मालन खिडकीबाहेर बघत होती. हाताला तिची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्याचे मज्जातंतू सुईने झोपवले होते. मेंदूचे निरोप थांबले, की उपाशी स्नायू औषधाच्या एका थेंबावरही तुटून पडतो. यंत्र नक्षी वाचून कोपराच्या नळीतून थेंब सोडायचं आणि बोटं चालायची.

आज थेंब सुटला, पण बोटं हलली नाहीत. दुसराही वाया गेला.

"मालनताई, हात बधिर झालाय तुमचा," सुपरवायझर वडनेरे म्हणाले. मेंदूचे निरोप परत पोचू लागले, की स्नायूची भूक मरते आणि थेंब लागू पडत नाही; अशा जाग्या झालेल्या हाताला इथे बधिर म्हणत. "घरी वापरता काय?"

"नाही साहेब." रोज संध्याकाळी ती त्या निर्जीव बोटांत लेकीची वेणी धरून बसायची.

"सोमवारी परत सुई देऊ. मग होईल पहिल्यासारखा."

"बरं," मालन म्हणाली. तिला काहीच वाटलं नाही.

सुट्टी झाल्यावर ती फाटकापर्यंत आली, तेव्हा तिला दिसलं, की डबा उजव्या हातात आहे. आज शनिवार. सोमवारच्या आत दोन वेण्या घालून होतील, एवढंच तिच्या मनात आलं.