उसाकडचं चाक

गाडी उजवीकडे वळली आणि पुन्हा तोच आवाज आला. खर्रर्र. लोखंडावर लोखंड घासावं तसा.

सुप्रियाने ब्रेक दाबला. मागच्या सीटवर तिची सासू चिमाबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पाच वर्षांच्या संस्कृतीला दुपारपासून धाप लागली होती. घरातला दम्याचा पंप संपला होता, आता वारूळवाडीच्या डॉक्टरांकडे वाफ द्यायला न्यायचं होतं. दिवस मावळतीला आलेला आणि दोन्ही अंगांना ऊस.

"डावीकडं वळवली का गप. उजवीकडं वळवली का वरडती," सुप्रिया म्हणाली. "म्हंजे डावं पुढचं चाक."

"बेरिंग गेलं," शेजारी बसलेला तिचा सासरा, भिमा, म्हणाला. त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. पण भावकीतल्या एकाचं बेरिंग जाऊन चाक निखळलं आणि गाडीच्या पुढे पळालं, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. "पुढं कॅनॉलचं वळान हाय. उजवंच."

त्या वळणाला कठडा नव्हता आणि कॅनॉल तुडुंब वाहत होता.

सुप्रियाने नवऱ्याला फोन लावला. मच्छिंद्र पारगावला कारखान्यावर होता. तासाभरात येतो म्हणाला.

"पोरीकडं तास हाय का?" चिमाबाई मागून म्हणाली.

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. इथे इकडे ऊस होता आणि तिकडे कॅनॉल. चाक तपासायचं तर त्याच्यापाशी बसावं लागणार, आणि या भागात उसाच्या कडेला कोणी बसत नाही. उभ्या माणसाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही. माणूस खाली बसला की त्याला तो शेळीएवढा दिसतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि डावं चाक नेमकं उसाला लागून होतं.

सुप्रियाने सीटखालून पट्टा काढला. चामड्याचा, बाहेरून खिळे ठोकलेला, गळ्यात बांधायचा. बिबट्याने मान धरू नये म्हणून वनखात्याने असे पट्टे गावात घरोघर वाटले होते. भिमाने आपला तिथल्या तिथे परत केला होता आणि माझ्या घरातलं कुणी हे घालणार नाही, असं चार माणसांत सांगून आला होता. सुनेने आपला लपवून ठेवलाय हे त्याला आत्ता कळलं.

"ह्यो आमी कुत्र्याला बांधायचो," तो म्हणाला.

"म्हाईत हाय, मामा. कुत्रं वाचायचं ना पण?"

तिने पट्टा गळ्याभोवती आवळला, जॅक आणि पान्हा घेतला. "आत्याबाई, काय बी झालं तरी दार उघडू नका," म्हणाली आणि उतरली. तिच्या मागून भिमाही काठी घेऊन उतरला.

सुप्रियाला भीती वाटत होती. इतकी की पान्हा नटावर बसेना. नट ढिले करून तिने गाडी उचलली, चाक वर-खाली धरून गदागदा हलवलं. चाक डगमगलं नाही.

"बेरिंग न्हाई, मामा!"

"मग चल की."

"थांबा." तिने चाक हाताने फिरवलं. खर्रर्र. "आत काय तरी आडाकलंय. वळणावरच चाक जाम झालं तर?"

तिने चाक काढलं. ब्रेकच्या डिस्कमागे पातळ पत्रा असतो. त्या दोघांच्या मधे खडीचा एक दगड जाऊन बसला होता. सकाळीच रस्त्यावर खडी टाकली होती. तिने स्क्रू-ड्रायव्हर घातला. दगड हलेना.

तेवढ्यात ऊस सळसळला. वारा नव्हता.

"हाऽऽड!" भिमा ओरडला, मेंढरांमागे ओरडत असेल तसा, पोटातून. काठी रस्त्यावर आपटली. मग तो उसाकडे तोंड करून तिच्या पाठीशी अगदी खेटून ताठ उभा राहिला. पट्ट्यामुळे तिला मान वळवता येईना.

"काय हाय, मामा?"

"तुजं चालू दे."

तिने पत्रा वाकवायला जोर लावला. जोर लावला की तिची मान मागे जाई आणि पट्टा कशाला तरी टेकून थांबे. स्क्रू-ड्रायव्हर निसटला. पुन्हा घातला. ऊस या अंगाला हलला, मग त्या अंगाला. भिमाचा आवाज बसत चालला होता, पण काठी थांबली नाही. गाडीत पोर खोकत होती, खोकल्यामागून शिट्टीसारखा श्वास येत होता. सुप्रियाने दात-ओठ खात पूर्ण ताकदीने मागे रेटा दिला. पत्रा वाकला आणि दगड खाली पडला.

चाक बसवून, नट आवळून, दोघं आत आली तेव्हा ऊस गप्प झाला होता. आत बिबट्या होता की रानडुक्कर, देव जाणे.

कॅनॉलचं वळण आलं. सुप्रियाने गाडी उजवीकडे घेतली. कसलाही आवाज आला नाही. मागून फक्त पोरीचा श्वास ऐकू येत होता. पुढे सरळ रस्ता लागला तसा तिने एका हाताने गळ्यातला पट्टा सोडवला. बोटांना ओलं लागलं. तिने गाडीतला दिवा लावला. हाताला रक्त होतं, आणि दुखत तर कुठेच नव्हतं.

भिमा खाली वाकून टॉवेलने पोटऱ्या पुसत होता. पांढऱ्या विजारीवर लाल ठिपके उमटले होते.

सुप्रियाने गाडीचा वेग कमी केला. "मामा, खिळं टोचत व्हतं तर जरा सरकायचं ना."

भिमाने टॉवेल खांद्यावर टाकला.

"सरकलो आसतो तर मधी जागा झाली आसती."