अकरावी बाटली

"अळी आहे," सर म्हणाले.

अकराव्या बाटलीच्या तळाशी, पिवळ्या खाद्यात, काहीतरी वळवळत होतं. मुलीलाही ते दिसलं. आई जाऊन पाच दिवस झाले होते. प्रयोगशाळेतल्या कपाटाची किल्ली आईच्या पर्समध्ये राहिली होती, ती द्यायला मुलगी आली होती.

आईचं काम फळमाश्या निवडण्याचं. कोशातून बाहेर आलेली मादी आठ तासांच्या आत नरांपासून वेगळी करायची आणि एकटीला बाटलीत ठेवायची. नराशी एकदा संबंध आला की मादीची संप्रेरकं बदलतात. आतडं वाढतं, भूक वाढते, अंडी भराभर पडू लागतात. सर हाच बदल मोजत होते आणि तुलनेसाठी त्यांना नराचा वाराही न लागलेल्या माद्या लागत. अशा मादीच्या अंड्यांतून काही निघत नाही. बाटलीत अळी दिसली, म्हणजे निवडणारीची नजर चुकली.

बावीस वर्षांत आईची नजर चुकली नव्हती. तिच्या परवानगीशिवाय एकाही मादीचं जमत नाही म्हणून विद्यार्थी तिला 'सासूबाई' म्हणत. घरी येऊन ती ते हसत सांगायची. हात मात्र आधी तपासून घ्यायची, एखादी माशी बाहीवर बसून आली तर नाही ना म्हणून.

"वीस बाटल्या आहेत," सर हळू आवाजात म्हणाले. "एक अशी निघाल्यावर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवू? सगळा ट्रे टाकावा लागेल." मग घाईनं म्हणाले, "त्यांना बरं नव्हतं. त्या तरी काय करणार!"

हे शेवटचं मुलीला फार लागलं. आपल्याला कुणी सांभाळून घेतलेलं आईला कधी खपलं नव्हतं.

"मी बघू का जरा?"

तिनं बाटली उचलली. कापसाचं बूच. पुढच्या पट्टीवर आईच्या अक्षरात तारीख, दवाखान्यात दाखल झाली त्याच दिवसाची. त्या दिवशी दुपारपर्यंत ती इथेच बसली होती, भिंगावर वाकून. मुलीनं बाटली फिरवली. ट्रेच्या कडेला टेकलेल्या बाजूवर आणखी एक पट्टी होती, पेन्सिलीनं बारीक लिहिलेली.

तिनं ती वाचली. मग बाटली सरांपुढे धरली.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. वाचून झाल्यावरही ते बाटलीकडे बघत राहिले. मग टाकायला म्हणून ओढलेला ट्रे त्यांनी दोन्ही हातांनी परत कपाटात ठेवला.

पट्टीवर लिहिलं होतं : "हिचं लग्न झालेलं दिसतंय. मोजू नका. पाच-सहा दिवसांत अळ्या निघाल्या, तर माझं बरोबर. बाकी एकोणीस चोख."