धाकट्याची उचल

पैनगंगेच्या वाळूवर सोळा हात लांबीच्या दोन नावा, मागे बसवायची पाच अश्वशक्तीची दोन इंजिनं आणि चार वल्ही मांडली होती. बापामागे चार पंचांसमोर वाटणी होत होती. रीतीप्रमाणे वाटे थोरल्या डोमाजीने केले, आणि पहिली उचल धाकट्या गोविंदाची होती. नावा अगदी सारख्या. फक्त एकीला डोमाजीने कालच डांबर फासलं होतं.

"ही घे. तुह्यासाठीच डांबरली," डोमाजी म्हणाला.

गोविंदाला भरून आलं. "नाही भाऊ, तुले लेकरं हायेत. चांगली तुले राहू दे, मी बिनडांबराची घेतो."

"सांगतो थे ऐक."

"काहून? मोठा तू हायेस."

डोमाजीने वल्हं उचललं. पहिल्या घावात गोविंदाचा खांदा मोडला, दुसरा कानशिलावर बसला. चार पंचांनी धरून ठेवला तरी डोमाजी ओरडतच होता, "डांबरलेली घे म्हणतो ना तुले."

वाळूत पडलेल्या गोविंदाला डोळ्यांसमोर मुंग्यांची रांग दिसली. ती डांबरलेल्या नावेखाली शिरत होती. त्याने ती पंचांना बोटाने दाखवली.

पंचांनी नाव उलटी केली. बुडाला पाऊण इंच रुंदीची तीन भोकं होती, काळ्या गुळाने बुजवलेली.