बटणांच्या डब्यातलं स्टिअरिंग

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू जायला हवं, आणि आवाज चढवायचं त्राण आज नाही. गोष्ट आहे एका सवतीची. दचकू नका. सवत वीतभर उंचीची, चार रबरी चाकांची, आणि रिमोटवर चालणारी.

शिंपीणबाई शिवणयंत्राशी बसल्या होत्या, पण यंत्रावर कापड नव्हतं. त्या सवतीचा, म्हणजे नवऱ्याच्या जुन्या छोट्या मोटारीचा, रिमोट पोट उघडं टाकून पडला होता. शेजारी वायरी जोडायचा तापलेला सोल्डरिंगचा खिळा, आणि बटणं ओतून रिकामा केलेला पत्र्याचा डबा. बाईंचे डोळे चुरचुरत होते. आदल्या रात्री त्या झोपल्या होत्या की नुसत्या आडव्या झाल्या होत्या, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

खाटेवर नवरा भिंतीकडे तोंड करून निजला होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात परक्याचा असल्यासारखा पोटावर पडलेला असे. आणि त्या रिमोटला तर दोन्ही हात लागत. डाव्या दांडीनं वेग, उजव्या दांडीनं वळण. सकाळी त्यानं रिमोटच्या गाड्यांच्या क्लबातल्या चश्मिस दोस्ताला फोन लावायला सांगितला होता. "संध्याकाळी ये, गाडी घेऊन जा." मग व्यायाम शिकवणाऱ्या मुलीलाही निरोप दिला, उद्यापासून नको. बाईंनी दोन्ही निरोप पोचवले, आणि पोचवता पोचवता त्यांना उमगलं. आज गाडी उंबऱ्याबाहेर गेली, तर हा माणूस पुन्हा खाटेवर उठून बसायचा नाही.

"कापू नकोस तिला," तो भिंतीला म्हणाला. जीभ जड होती, शब्द चावल्यासारखे येत. "इतकी वर्षं मी एक स्क्रू बदलला नाही."

"माझा जन्म जुनं कापून नवं शिवण्यात गेला. तुमच्या लाडकीला मी उसवणार नाही, नुसती बाही वेगळी करतेय. वायरी कुठं लावू ते सांगा."

मग भिंतीकडूनच आवाज आला, "मागून बघ. डावीकडे लाल, मधे पांढरी, उजवीकडे काळी."

बाईंनी उजवी दांडी रिमोटमधून सोडवली होती. डब्याच्या झाकणाला भोक पाडून ती त्यात बसवली, तीन वायरी हातभर लांब केल्या. बाईंचं सगळं आयुष्य कापडाच्या उलट्या बाजूनं गेलेलं. सांगणारा सुलट बाजूचं सांगतो, आपण उलट बाजूनं शिवतो, तेव्हा डावं ते उजवं धरायचं, ही सवय बोटांतच मुरलेली. नवऱ्यानं आधीच उलट बाजूचं सांगितलं होतं, हे दमलेल्या बोटांच्या ध्यानात आलं नाही.

उशी लावून त्यांनी त्याला बसवलं. रिमोट त्याच्या मांडीवर, डावा अंगठा दांडीवर. आपण खाटेच्या कडेला टेकल्या, बटणांचा डबा कुशीत घेऊन.

"वेग तुमचा, वळण माझं. चला."

"म्हणजे संसारात होतं तेच," तो पुटपुटला.

गाडी घरघरली, सुटली, स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाली. बाईंनी दांडी डावीकडे केली. गाडी उजवीकडे वळली आणि कपाटाच्या पायावर धाडकन आपटली.

"उलटं जोडलंस!" तो ओरडला. "लाल आणि काळीची अदलाबदल केलीस. एक काम धड..." आणि पुढचं त्यानं गिळलं.

बाई उठल्या, कपाटाशी गेल्या, गाडी उचलली. ती खाटेपर्यंत वाहून आणायचं बळ नव्हतं. तिथंच दारात ठेवली, तोंड खाटेकडे करून. भिंतीला धरत परत आल्या आणि बसल्या.

"बोलवा तिला इकडे. मग खिळा तापवते."

त्यानं अंगठा पुढे सरकवला. गाडी समोरून यायला लागली. बाईंनी दांडी डावीकडे केली, गाडी त्यांच्या डाव्या हाताला आली. उजवीकडे केली, उजवीकडे आली. स्टुलाला वळसा घालून, चपला चुकवून, खाटेच्या पायाशी येऊन थांबली.

तो गाडीकडे बघत राहिला. क्लबात नवीन माणूस आला की तो ऐटीत म्हणायचा, "न्यायला कुणालाही येते, परत आणून दाखवा." समोरून येणाऱ्या गाडीचं डावं-उजवं उलटं होतं, आणि भलेभले तिथं गोंधळून गाडी आपटतात. बाईंच्या उलट्या वायरींनी तेच सुलट केलं होतं.

बाईंनी खिळ्याकडे हात नेला. "सोडवते आणि सरळ जोडते."

"अगं, राहू दे."

"कपाटाला धडकतेय ना."

"जाताना धडकते," तो म्हणाला. "येताना नीट येते."

दारावरची घंटा वाजली. चश्मिसच असणार. बाई उठायला लागल्या, तसा त्यानं डाव्या हातानं त्यांचा पदर धरला.

"त्याला म्हणावं, गाडी कामात आहे. आणि त्या व्यायामवाल्या पोरीला फोन लाव. उद्या येऊ दे."

बाईंनी मान डोलावली. पण उठल्या नाहीत. डबा मांडीवर घेऊन, डोळे मिटून तशाच बसून राहिल्या. घंटा पुन्हा वाजली.

आता तुम्ही घरी जाल, दिवा लावाल. हात जोडाल तेव्हा त्या बाईंना एकदा आठवा. त्यांचे हात फार दमलेत.