एकेक टाका

"आधी पेढा घ्या मास्तर," दिग्विजय म्हणाला. पाहुण्यांनी पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

चिखलीतल्या त्या शेडमधल्या मशिनी आज बंद होत्या. लढाऊ विमान कोसळायला लागलं की वैमानिक सीटसकट बाहेर फेकला जातो. त्या सीटचे पट्टे इथे शिवले जात. महिन्यापूर्वी असंच एक विमान पडलं. 'वैमानिक सुखरूप' एवढा मथळा कापून मालक दिग्विजयने भिंतीवर चिकटवला होता. परवा एका शाळामास्तरांचा फोन आला, "मी त्या विमानातल्या पायलटचा बाप. पट्टे शिवणाऱ्यांना भेटायचंय."

चिमाबाई ठेवणीतलं इरकल नेसून आली होती. एकवीस वर्षं तिने इथे पट्टे शिवले. आता नजर अधू झाली म्हणून दिग्विजयने तिला सोमवारपासून घरी बसायला सांगितलं होतं. तिच्या मशिनवर तिच्या हाताखालची मिनल बसणार होती.

"विमानात दोन सीट होत्या," पाहुणे म्हणाले. "पुढचा पट्टा कुणी शिवला?"

"मी," चिमाबाई म्हणाली.

"आणि मागचा?"

मिनलने मान वर केली. मागच्या पट्ट्याच्या आठवड्यात चिमाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तो पट्टा मिनलने शिवला होता.

"त्यो बी मीच," चिमाबाई म्हणाली.

"अहो मावशी, तो तर..."

"तू गप गं! कालची पोर. सुईत दोरा ओवायला मी शिकवलं तुला."

"नक्की तुम्हीच?" पाहुण्यांनी शांतपणे विचारलं.

"व्हय तर! दोन्ही माझेच. एकेक टाका माझ्या हातचा. शेठला इचारा."

दिग्विजय क्षणभर घुटमळला. मग पाहुण्यांकडे बघून हसला. "आमच्या सगळ्यात जुन्या कारागीर आहेत या. मावशी, सोमवारी वेळेवर या बरं का कामावर."

चिमाबाईने मिनलकडे पाहिलं. मिनल खाली बघत होती.

पाहुणे उठून समोर आले, तशी चिमाबाई लाजून पाय मागे घेत म्हणाली, "पाया नका पडू मास्तर. आमी गरीब मानसं. तुमचं लेकरू वाचलं, त्यात समदं आलं."

पाहुणे वाकले नाहीत.

"वाचला तो पुढच्या सीटवरचा," ते म्हणाले. "मागचा पट्टा शिवणीत उसवला. त्या सीटवर माझी लेक होती, श्रद्धा."